भिंतीच्या फोटोंची जुळणी: सिफ्ट घ्यावे की ऑर्ब?

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या जुन्या इमारतीच्या पश्चिमेकडील भिंतीला तडा गेला आहे. तो दर पावसाळ्यात किती वाढतो हे पाहण्यासाठी मी मे आणि ऑक्टोबर महिन्यांत त्याच भिंतीचे फोटो काढतो, दोहोंतील समान बिंदू जुळवून होमोग्राफी (एका फोटोतील बिंदू दुसऱ्यात कुठे येतो हे सांगणारे गणिती रूपांतर) काढतो आणि एक फोटो दुसऱ्यावर बसवतो. अशाच कामासाठी ज्यांना सिफ्ट आणि ऑर्ब या, फोटोंतील ठळक बिंदू शोधून जुळवण्याच्या दोन संगणकीय पद्धतींतून एक निवडायची आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहितो आहे.

सुरुवात मी ऑर्बने केली आणि त्याला कारणही होते. रुब्ली आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली ही पद्धत वेगवान आहे. तिचा डिस्क्रिप्टर, म्हणजे एका बिंदूभोवतीच्या भागाचे आकड्यांतले वर्णन, अवघ्या ३२ बाइटांचा असतो, तर सिफ्टचे १२८ आकडे फ्लोटमध्ये (प्रत्येकी चार बाइटांच्या दशांश संख्या म्हणून) ठेवले की ५१२ बाइट होतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ऑर्बचे उत्तर लगेच येई, सिफ्टसाठी थोडे थांबावे लागे. त्याशिवाय सिफ्टवर तेव्हा पेटंट होते. ते मार्च २०२० मध्ये संपले आणि ओपनसीव्ही या प्रतिमांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअर-संचाच्या ४.४ आवृत्तीपासून सिफ्ट त्याच्या मुख्य भागात आले, त्यामुळे तो मुद्दा आता उरलेला नाही.

मला खरा त्रास झाला तो बिंदूंच्या वाटणीचा. ऑर्ब कोपरे शोधते आणि त्यांतले सर्वांत ठळक तेवढे ठेवते. आमच्या भिंतीवर ठळक कोपरे दोनच ठिकाणी आहेत: संस्थेच्या नावाच्या पाटीवरील अक्षरांत आणि खिडक्यांच्या ग्रिलमध्ये. ग्रिलचा प्रत्येक चौकोन दुसऱ्यासारखाच असल्याने तिथल्या जोड्या गुणोत्तराच्या चाचणीत (सर्वांत जवळचा जोडीदार दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीदारापेक्षा पुरेसा सरस नसेल, तर जोडी टाकून देणारी चाचणी) बहुतेक गळत आणि मागे राहत ते पाटीवरचे बिंदू. परिणामी पाटीजवळ दोन्ही फोटो अगदी तंतोतंत बसत, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे तडा आहे नेमके तिथेच, त्याची कडा दुहेरी दिसे. तडा वाढला की जुळणी चुकली, हेच कळेना. बिंदूंची मर्यादा मूळच्या ५०० वरून ५००० केली, तेव्हा पाटीवरची गर्दी तेवढी वाढली. फोटोचे चौकोन पाडून प्रत्येकातून ठरावीक बिंदू घेतल्यावर फरक पडला, हे मान्य करायला हवे. मात्र साध्या प्लास्टरवरचे ते क्षीण कोपरे पुढच्या फोटोत पुन्हा सापडतीलच, याची खात्री वाटेना.

सिफ्टने हाच प्रश्न सोडवला. डेव्हिड लो यांची ही पद्धत (१९९९, सविस्तर मांडणी २००४) कोपऱ्यांपेक्षा वेगवेगळ्या आकारांचे ठिपके शोधते, आणि जुन्या प्लास्टरवर रंगाचे पोपडे, खिळ्यांची भोके, डाग असे ठिपके भरपूर असतात. ओल आणि शेवाळ पावसाळ्यात बदलतात, त्यामुळे तिथल्या कित्येक जोड्या बाद होतात. तरीही उरलेल्या जोड्या भिंतभर पसरलेल्या असतात आणि तड्याची कडा एकेरी दिसते. मी घड्याळ लावून किंवा पिक्सेल मोजून ही तुलना केलेली नाही, त्यामुळे दुसऱ्या भिंतीवर वेगळे चित्र दिसणे शक्य आहे.

चालत्या कॅमेऱ्यावर किंवा मोबाइलवर तत्क्षणी जुळणी हवी असेल, तर ऑर्ब घेण्यात काहीच गैर नाही. लाइटग्लूसारख्या नव्या, उदाहरणांवरून शिकवलेल्या जुळणीच्या पद्धती ग्राफिक्स कार्ड असल्यास जरूर पाहाव्यात. पण वर्षातून दोनदाच फोटो जुळवायचे असतील, तर सिफ्टसाठी लागणारे ते चार क्षण मला तरी महाग वाटत नाहीत. त्या चाचणीसाठी लो यांनी सुचवलेले ०.८ हे गुणोत्तर ठेवून सुरुवात करावी आणि पश्चिमेच्या भिंतीचे फोटो सकाळी, ती सावलीत असताना काढावेत; दुपारनंतर ग्रिलच्या सावल्या प्लास्टरवर पडतात आणि त्यांच्या कडांना दोन्ही पद्धती सारख्याच फसतात.