पक्षांतर्गत निवडणुकीसाठी ‘बेलेनिओस’: मोजणी चोख, पण मोजण्याची पद्धत आधी ठरवा

लहान पक्षात अध्यक्षपदाची निवडणूक हरलेला गट पुष्कळदा पक्षच सोडतो आणि जाताना ‘मोजणीत पाणी मुरले’ असा आरोप करून जातो. मोठा पक्ष असा आरोप पचवू शकतो, मूठभर सभासदांचा पक्ष मात्र त्यातून लवकर सावरत नाही. म्हणूनच अध्यक्षाची निवड आणि पक्षाची पुढील दिशा या दोन्ही प्रश्नांवर आम्ही आवाजी मतदान सोडून ‘बेलेनिओस’ ही ऑनलाइन मतदान प्रणाली वापरली. निवडणूक समितीचा सदस्य म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

फ्रान्समधील नान्सी येथील संशोधकांनी विकसित केलेली ही मुक्त प्रणाली ‘हेलिओस’ या जुन्या प्रणालीवर आधारलेली आहे. तिचे मुख्य बलस्थान असे की, सर्व्हरवर सभासदाची ओळख पटवली जाते, तर मतदानाचा सांकेतिक क्रमांक वेगळ्या त्रयस्थाकडून येऊ शकतो. त्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्याला एकट्याने खोटी मते घुसडता येत नाहीत. मत सभासदाच्या ब्राउझरमध्येच कूटबद्ध होते आणि त्याचा पडताळणी क्रमांक जाहीर मतपेटीत दिसतो. आमच्याकडे पराभूत उमेदवाराच्या समर्थकांनी निकालानंतर आपापले क्रमांक त्या यादीशी ताडून पाहिले, आणि पुढची चर्चा मोजणीवर न होता मुद्द्यांवर झाली. एवढ्यासाठी तरी मी ही प्रणाली पुन्हा निवडेन.

निकाल उघडण्याच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात, याचा विचार घाईने करू नये. 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय कूटशास्त्र संशोधन संघटनेला हेलिओसवर घेतलेली निवडणूक पुन्हा घ्यावी लागली, कारण तिन्ही किल्ल्या आवश्यक होत्या आणि एका विश्वस्ताची किल्ली कायमची हरवली. बेलेनिओसमध्ये ‘तिघांपैकी कोणतेही दोघे’ अशी सोय करता येते. प्रत्येक उमेदवाराच्या गटातील एकेक किल्लीधारक घ्यावा, म्हणजे कोणालाही परस्पर मतपेटी उघडता येत नाही आणि कोणा एकाच्या रुसव्याने निकालही अडत नाही.

खरी कसोटी दिशेच्या प्रश्नावर लागते. स्वबळावर लढणे, आघाडी करणे आणि मोठ्या पक्षात विलीन होणे असे तीन पर्याय आहेत, असे समजू. शंभर मतांपैकी स्वबळाला 40, विलीनीकरणाला 35 आणि आघाडीला 25 प्रथम पसंतीची मते मिळाली, तर नुसत्या खुणेच्या मतदानात स्वबळ जिंकते. मात्र पहिल्या दोन्ही गटांची दुसरी पसंती आघाडी असेल, तर समोरासमोरच्या तुलनेत आघाडी स्वबळाला 60 विरुद्ध 40 आणि विलीनीकरणाला 65 विरुद्ध 35 अशी हरवते. बेलेनिओसमध्ये पसंतीक्रम नोंदवता येतो आणि अशी तुलना करणारी शुल्झे पद्धत उपलब्ध आहे. सर्वांत कमी प्रथम पसंती असलेला पर्याय आधी बाद करण्याची पद्धत वापरली, तर हीच आघाडी पहिल्या फेरीत बाहेर पडते. मते तीच राहतात, पक्षाची दिशा मात्र बदलते! त्यामुळे मोजणीची पद्धत मतदानापूर्वीच ठराव करून नक्की केली पाहिजे. पसंतीक्रम सरमिसळ करून निनावी स्वरूपात जाहीर होत असल्याने कोणीही नंतर दुसऱ्या पद्धतीने मोजून पाहू शकतो, आणि ठराव झालेला नसेल तर तंटा अटळ आहे.

मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. घरी बसलेल्या सभासदाच्या शेजारी उभे राहून कोणी दबाव आणला, तर ही प्रणाली तो थांबवू शकत नाही. सभासद यादीत ऐनवेळी घुसवलेली नावेही ती ओळखत नाही. ती छाननी पक्षाच्या घटनेनुसार आपणच आधी उरकावी.

कार्यकारिणीच्या लांबलचक यादीसाठी मात्र पसंतीक्रम वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा नावांचे 36,28,800 क्रम लागू शकतात, त्यामुळे एखाद्या सभासदाला ठरावीक विचित्र क्रम लावायला सांगून त्याचे मत जाहीर निकालात ओळखता येते. तेथे ठरलेल्या संख्येइतक्या नावांपुढे खूण करण्याचा पर्याय निवडावा. त्यात फक्त एकूण बेरीज उघड होते.