अर्धा इंची की पाऊण इंची? टाकीखालच्या नळजोडणीचा विचार

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात स्लॅबच्या घरांची रचना बहुधा सारखीच असते: छतावर मीटरभर उंच ओट्यावर टाकी आणि तिथून खाली न्हाणीघर, स्वयंपाकघर व उन्हाळ्यात कूलर. अशा घरात शॉवरच्या तोंडाशी पाण्याला जेमतेम दोन मीटर उंचीचा दाब मिळतो, आणि पाइपाचा व्यास ठरवताना हाच आकडा धरून चालावे लागते.

अर्धा इंची सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपाचा) तुकडा हातात घेतला, तर आतली पोकळी सुमारे 12 मिलिमीटर भरते; पाऊण इंचीत ती सुमारे 18 असते. मिनिटाला 9 लिटर, म्हणजे दोन मिनिटांत एक मोठी बादली, इतके पाणी दहा मीटर अर्धा इंचीतून न्यायचे झाल्यास घर्षणातच पावणेदोन मीटरहून अधिक दाब खर्च होतो, तर पाऊण इंचीत तो खर्च पाव मीटरच्या आसपास राहतो; एल्बो (वळणाचे जोड) आणि व्हॉल्व्ह यांत धरलेले नाहीत. मे महिन्यात त्याच लाइनीवरून कूलर भरायला घेतला, की दोन्ही नळांना पुरेसे पाणी देण्यासाठी साडेतीन पटींहून जास्त दाब लागतो, तो टाकीजवळ नसतोच, आणि न्हाणीतली धार करंगळीएवढी होते. म्हणून थंड पाण्यासाठी टाकीतून एक इंची, न्हाणीपर्यंत पाऊण इंची आणि फक्त नळाजवळच्या शेवटच्या दोन फुटांत अर्धा इंची घ्यावी. कूलरची लाइन टाकीपासूनच वेगळी काढावी.

गरम पाण्याचे गणित निराळे आहे. गिझर न्हाणीतच असेल, तर अर्धा इंची पुरते. सोलर वॉटर हीटर छतावर असून पाइप 12 मीटर लांब असेल, तर अर्धा इंचीत सुमारे 1.4 लिटर आणि पाऊण इंचीत सुमारे 3 लिटर गार पाणी साचलेले असते, आणि डिसेंबरच्या पहाटे आधी ते काढावे लागते. तरीही मी पाऊण इंचीच निवडेन, कारण ते पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरता येते, पण धार मंद निघाली तर भिंत फोडण्यावाचून इलाज नसतो. हा पाइप मात्र आखूड ठेवून त्यावर फोमची नळी चढवावी.

पैसे वाचवण्यासाठी गरम लाइनीत साधा यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप) घालू नये. सोलरचे पाणी 60 अंशांवर सहज जाते आणि त्या उष्णतेत तो मऊ पडतो. बारीक पाइप टाकून नंतर केवळ थंड लाइनीला प्रेशर पंप जोडण्याचा उपायही मला पटत नाही: मिक्सर (गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ) उघडताच थंड पाणी गरम लाइनीत उलटे शिरते, आणि वीज गेली की पुन्हा तीच करंगळीएवढी धार उरते.