कॉक्सिएला वाढवायचा कुठं, पेशींत की नुसत्या मीडियममध्ये?

निपाणी-चिक्कोडीकडं शेळ्यामेंढ्यांचे कळप एवढे, म्हणून क्यू फीवरचा (जनावरांकडनं माणसाला होणारा ताप) जंतू कॉक्सिएला बर्नेटी आपल्या मायक्रोबायोलॉजीच्या पोरांनी नीट समजून घ्यायलाच पायजे बघा. जुनी पद्धत म्हणजे अंड्यात नायतर व्हेरो पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) वाढवायचा, वाढतो चांगला, पण पेशी जपा, मग जंतू पेशींच्या कचऱ्यातनं वेगळा काढत बसा, आणि सुटी वसाहत (एकाच जंतूपासनं वाढलेला ठिपका) उचलता येत नाही म्हणून जीन बदलायचं काम लई अवघड.

2009 मध्ये एसीसीएम मीडियम (पेशींशिवाय जंतू वाढवायचं पोषक द्रावण) आलं, पीएच 4.75 च्या आसपास, ऑक्सिजन फक्त 2.5 टक्के, म्हणजे पेशीतल्या ज्या आंबट पिशवीत तो राहतो तसलंच वातावरण! म्युटंट (जीन बदललेला जंतू) करायला मी हेच घेईन. पेशीत शिरून तो काय करतो ते बघायला मात्र पेशी लागणारच, आणि रोगकारक स्ट्रेनला दोन्हीकडं बायोसेफ्टी लेव्हल 3 (धोकादायक जंतूंसाठीची कडक सुरक्षेची प्रयोगशाळा) पायजेच.