इंदूरचा जिल्हा ग्राहक आयोग: हाडाच्या कॅन्सरचं निदान उशिरा झालं तर इथं दाद कशी लागते

निदान लांबलं, पाय गेला किंवा रोग फुप्फुसात पोचला, तर घरचे आधी पोलीस ठाणं गाठतात किंवा भोपाळच्या मेडिकल कौन्सिलला अर्ज करतात. भरपाई हवी असेल तर दोन्ही वाटा अपुऱ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारी गुन्ह्याला साधी चूक पुरत नाही, अतिगंभीर निष्काळजीपणा लागतो. कौन्सिल डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई करू शकते, पण रुग्णाच्या हाती पैसा देत नाही. म्हणून हे परीक्षण जिल्हा ग्राहक आयोगाचं आणि तक्रार जिथून भरतात त्या ई-जागृती पोर्टलचं. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: दार स्वस्त आणि खरोखर उघडं आहे, पण कच्ची फाइल घेऊन आलेल्या माणसाला इथं काहीही मिळत नाही.

स्वस्त कसं ते पाहा. फी आणि आयोगाची पातळी ठरते ती प्रत्यक्ष भरलेल्या बिलांवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. बिलांची बेरीज 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, 5 ते 10 लाखांना 200 रुपये, 10 ते 20 लाखांना 400. जिल्हा आयोग 50 लाखांपर्यंतच्या बिलांचं प्रकरण ऐकतो. म्हणजे 60 हजारांची बिलं असलेलं कुटुंब 40 लाखांची भरपाई मागत असलं तरी तक्रार इथंच आणि विनाफी. रुग्णालय मुंबईचं असो की अहमदाबादचं, तक्रारदार इंदूरला राहतो एवढ्यावर इथं तक्रार भरता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेली ही सोय आजारी घरासाठी फार मोलाची आहे. मात्र जिथं सगळ्यांवरच फुकट उपचार होतात, अशा सरकारी रुग्णालयाविरुद्ध हा आयोग चालत नाही. तिथं दिवाणी न्यायालय.

मुदत दोन वर्षांची. उशिरा निदानात चूक बहुतेकदा बायोप्सीच्या रिपोर्टनंतरच कळते, आणि दिवस तिथून मोजावेत असं मांडता येतं. पण त्या भरवशावर राहू नका. पहिल्या चुकीच्या पर्च्यापासून (डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून) दोन वर्षांच्या आत तक्रार गेली तर मुदतीचा वादच उरत नाही. उशीर झालाच तर माफीचा अर्ज वेगळा आणि कारणासह जोडावा लागतो.

आता फाइल. खरं काम इथंच आहे.

पहिला कागद म्हणजे पहिला एक्स-रे. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुतेक वेळा 10 ते 20 वर्षांच्या मुलांना होतो आणि निम्म्याहून अधिक वेळा गुडघ्याजवळ. फिल्म उजेडासमोर धरली की मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, कडेवरचं सालपट उचलून धरावं तसा एक छोटा त्रिकोण दिसू शकतो. त्याला कॉडमनचा त्रिकोण म्हणतात. तो पहिल्याच फिल्मवर असेल आणि पर्च्यावर 'लिगामेंट स्ट्रेन, गरम शेक' लिहिलं असेल, तर तक्रारीचा कणा तुमच्या हातात आहे. नुसता रिपोर्ट पुरत नाही. प्रिंट केलेली फिल्म काळवंडते, म्हणून एक्स-रे सेंटरकडून डायकॉम (मूळ डिजिटल) स्वरूपातली सीडी मागा. तारीख आणि वेळ तिच्यातच नोंदलेली असते. एक्स-रे काढलाच नसेल, तर प्रत्येक भेटीच्या पर्च्यावर काय तक्रार लिहिली आहे ते तपासा. रात्रीची दुखणी, आठवड्यांमागून आठवडे टिकणारी सूज, विश्रांतीनेही न थांबणारी कळ, हे शब्द डॉक्टरांच्याच अक्षरात असतील तर ते सोन्यासारखे.

दुसरं, बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा असलेली, छोट्या प्लॅस्टिकच्या खोक्यात बसवलेली मेणाची वडी, तिच्यावर नंबर असतो. तो नंबर रिपोर्टशी जुळतो का ते जागीच बघून घ्या. ब्लॉक पुढच्या रुग्णालयाला लागणारच असतात, त्यामुळे देता-घेताना पोच ठेवा.

तिसरं, पूर्ण केसपेपर. डॉक्टरांच्या आचाराच्या 2002 च्या नियमावलीनुसार अर्ज दिल्यापासून 72 तासांत डॉक्टरांनी नोंदी द्यायच्या असतात, आणि त्या तीन वर्षं जपायच्या असतात. अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. नोंदी मिळाल्या नाहीत तर तो शिक्काच पुढे पुरावा होतो.

एक गोष्ट लोक लपवतात आणि तिथंच प्रकरण ढासळतं: मधल्या काळात पहलवानाकडून, म्हणजे हाडं बसवणाऱ्या मालीशवाल्याकडून, करून घेतलेली मालीश. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात पोचल्यावर पहिल्याच पानावर 'मालीश केल्याचा इतिहास' लिहिलेला असतो आणि समोरचा वकील नेमकं तेच पान काढतो. तक्रारीत ते स्वतःहून, तारखेसह लिहावं.

एवढं असूनही तक्रार फेटाळली जाते, ती बहुधा एकाच ठिकाणी: उशिरामुळे नक्की काय बिघडलं? हा आजार दुर्मीळ आहे आणि चांगल्या डॉक्टरांच्या हातीसुद्धा निदानाला काही महिने लागू शकतात, त्यामुळे नुसता उशीर म्हणजे निष्काळजीपणा ठरत नाही. रोग हाडापुरता असताना केमोथेरपी आणि ऑपरेशन दोन्ही नीट मिळालं तर 100 पैकी 60 ते 70 रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. पसरल्यावर तो आकडा 30 च्या आसपास किंवा त्याखाली येतो. तुमचा रुग्ण या दोन आकड्यांपैकी कोणत्या बाजूला होता आणि उशिरामुळे कुठं गेला, हे कॅन्सरतज्ज्ञाच्या लेखी मतातून दिसायला हवं. पहिल्या आणि नंतरच्या फिल्ममधली गाठीची मापं, छातीचा सीटी, पाय वाचवता आला असता का, एवढ्यावर दोन पानांचं मत पुरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या किशन राव निकालाने प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ सक्तीचा नाही म्हटलंय, पण हाडाच्या कॅन्सरमध्ये त्याच्याशिवाय जाणं म्हणजे अर्धी हार आहे. आमच्या मते या सेवेची सगळ्यात मोठी उणीव हीच: असा तज्ज्ञ कुटुंबालाच शोधावा लागतो, आणि डॉक्टर डॉक्टरांविरुद्ध लिहायला कचरतात. रुग्ण जिथं आता उपचार घेतो तिथं 'चूक कुणाची' असं विचारू नका. 'या तारखेला रोग कोणत्या टप्प्यावर असावा' एवढंच विचारा. उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

पोर्टलवर मोबाइल नंबरवरून खातं उघडतं. बिलं, पर्चे, रिपोर्ट वेगवेगळ्या पीडीएफमध्ये, तारखेच्या क्रमाने, पानांना नंबर देऊन चढवा. सगळं एका फाइलीत कोंबलं की आयोगालाही सापडत नाही. रुग्ण 18 च्या आतला असेल तर आई किंवा वडील त्याच्या वतीने तक्रारदार. शपथपत्र हवंच. व्हिडिओवरून सुनावणी मागता येते, आणि केमोथेरपीसाठी महिनोन् महिने परळला राहणाऱ्या घराला त्यामुळे दर तारखेला अवंतिका एक्सप्रेस पकडावी लागत नाही.

वेळेबाबत मात्र भ्रमात राहू नका. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात; त्यापुढे मुदतवाढ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. 46 व्या दिवशी उत्तर आलं नसेल तर उत्तराची संधी संपली म्हणून लगेच अर्ज करा. कायदा एकूण तीन ते पाच महिने म्हणतो, वैद्यकीय प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात. निकाल लागल्यावर 45 दिवसांत भोपाळच्या राज्य आयोगात अपील होऊ शकतं, पण रुग्णालयाला अपील करायचं असेल तर आधी निकालाच्या निम्मी रक्कम भरावी लागते.