‘मी पण फौजीच’ म्हणणाऱ्याने रायफलीच्या बोल्टपायी 21,350 रुपयांना गंडवलं

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तो ऐकल्यावर घरातले सगळे हसले. तुम्हीही हसून घ्या. तपासणीचे 1,500 रोख, ‘नव्या बोल्ट’चे 12,500 फोनवरून, फिटिंगचे 4,850 फोनवरून, निळं पॉलिश चढवायचे 2,500 रोख. एकूण 21,350.

रायफल वडिलांची. 315 बोर, ईशापूर फॅक्टरीची. ते गेल्यावर 2011 साली रीतसर माझ्या परवान्यावर चढली. शेत पाटण तालुक्यात, रानडुकरांचा उपद्रव काय असतो ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. 2024 साली लोकसभेला हत्यार ठाण्यात जमा, विधानसभेला पुन्हा जमा. दुसऱ्या खेपेला गंज चढू नये म्हणून मी जमा करण्याआधी आतबाहेर भरपूर ग्रीस फासलं. डिसेंबरात परत मिळाली. पहाटे ओसरीत बसून बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा मागचा दांडा, ओढला तर निम्म्यावर अडकला. जोर लावला तर कुरकुरत मागं आला, पुढं ढकलताना पुन्हा तेच.

साताऱ्यात एसटी स्टँडजवळ चहा पिताना ओळखीच्या एकाला हे सांगत होतो. शेजारच्या बाकड्यावरचा माणूस उठून आला. “जय हिंद साहेब. मी पण फौजीच. ईएमईत आर्मरर होतो, बावीस वर्षं.” म्हणजे फौजेच्या दुरुस्ती विभागात हत्यारं दुरुस्त करणारा. आता मी स्वतः फौजेत ड्रायव्हर होतो. एसएलआर, इन्सास या फौजेच्या आपोआप भरणाऱ्या रायफली चालवल्या, पण बोल्टवाल्या रायफलीचं पोट कधी उघडलं नाही. आणि ‘फौजी’ म्हटलं की साताऱ्यात आपण कागद मागत नाही. मागायचा असतो. पेन्शनचं पुस्तक, ओळखपत्र, काहीही.

दोन दिवसांनी तो घरी आला आणि जे घडलं ते मला अजून रात्री आठवतं. मी रायफल हातात दिली. त्यानं ती घेतली, दस्ता जमिनीवर टेकवला आणि बोल्ट बंद असतानाच नळीच्या तोंडाला डोळा लावून म्हणाला, “आर्र, नळीत पण गंज धरलाय.”

अहो, ज्यानं फौजेत एक दिवस काढलाय तो हत्यार हातात आल्यावर आधी बोल्ट उघडतो, मॅगझिन काढतो, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, बोट घालून रिकामं असल्याची खात्री करतो. नळीला डोळा लावणं तर लांबच. वर बोल्ट बंद असताना नळीत दिसणार काय, काळोख? हे मी उघड्या डोळ्यांनी बघितलं. पण बायको चहा घेऊन आली होती, आलेल्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं, म्हातारा माणूस आहे, विसरला असेल, असलं काहीतरी मनाशी म्हणून गप्प बसलो. वडील असते तर त्याला चपलांसकट बाहेर काढला असता.

मग त्यानं बोल्ट पुढं ढकलून दाखवला. “बघा, शेवटच्या इंचाला कसा दाबावा लागतोय. बोल्ट गेला तुमचा.” ही रायफल बोल्ट बंद करताना कॉक होते, म्हणजे गोळी झाडायची स्प्रिंग ताणली जाते, तो जोर स्प्रिंगचा असतो, हे मला नंतर कळलं. नवीकोरी असली तरी तिथं जोर लागणारच.

बोल्ट कापडात गुंडाळून मीच त्याच्या पिशवीत ठेवला. हो, मीच.

नऊ दिवसांनी आरशासारखा चकचकीत बोल्ट आला. तेल लावून त्यानं समोर दोनदा चालवून दाखवला, उरलेले पैसे घेतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत बोल्ट पुन्हा अडकला. फोन बंद. मग चष्मा लावून बघितलं. बोल्टच्या मुठीच्या बुडाशी नंबर घासलेला, पण शेवटचे दोन आकडे अर्धवट दिसत होते. माझ्याच रायफलीचे.

ठाण्यात गेलो. “पैसे तुम्ही हातानं दिले, आमचा काय संबंध?” मग म्हणाले, फोनवरून दिले ना, सायबर फसवणुकीच्या 1930 ला लावा. तिथं लावला तर माणूस घरी येऊन गेला म्हटल्यावर ठाण्यात जायला सांगितलं. परत ठाण्यात. चारशे वीसचं कलम आता 318 झालंय, एवढी माहिती एका हवालदारानं आपुलकीनं दिली. अर्ज मात्र घेतला नाही, साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हणे. चार खेपा झाल्या, साहेब बंदोबस्तालाच. परवाना बघणाऱ्या कार्यालयात गेलो तर उलट मलाच धारेवर धरलं. दुरुस्तीचा परवाना नसलेल्याकडे हत्याराचा भाग दिलाच कसा? नंबर कुणी घासला? शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि नंबर खोडणं हा वेगळाच गुन्हा, हे तिथं उभ्या उभ्या ऐकलं. त्या भामट्याला हे सगळं पाठ असणार. ज्याचं स्वतःचं पाऊल चुकलंय तो बोंबलायला जात नाही, यावरच त्याचा धंदा चालतो.

शेवटी पुण्यातल्या परवाना असलेल्या दुकानात गेलो. दुकानदारानं त्याचा परवाना भिंतीवर लावला होता. तुमच्याकडच्याचा तसा दिसला नाही तर पायरीवरूनच मागं फिरा. त्यानं आधी चेंबर बघितलं, मग विचारलं: रिकामी असताना अडतो की काडतूस घातल्यावर? गोळी झाडल्यानंतर मूठ उचलायला जड जाते का? तसं असेल तर झाडलेल्या काडतुसाची पुंगळी चेंबरला धरतेय, तिथं हातोडी मारायची नाही, लगेच दुकानात आणायची. माझी रिकामी असतानाच अडत होती. बोल्ट बाहेर काढून त्यानं रॉकेलच्या चिंधीनं आतल्या खाचा पुसल्या. चिंधी काळीपिवळी होऊन आली. वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “ट्रॅक्टरचं ग्रीस कुणी घातलं? थंडीत मेणासारखं गोठतंय हे.”

मी इकडंतिकडं बघितलं. बिल 450 रुपये.

बोल्ट आता लोण्यासारखा चालतो. रायफल मात्र घासलेल्या नंबरची चौकशी होईपर्यंत पुन्हा ठाण्यात. या वेळी पावतीवर नंबर लिहून घेतला, बोल्टचा फोटो काढला आणि हलक्या तेलाचं नुसतं बोट फिरवून दिली. साहेब त्या दिवशीही बंदोबस्ताला होते.