काँगोतल्या कुबा लोकांचा इकुल सुरा (लाकडी): काकांच्या एकसष्टीला घेतला, तीन महिन्यांनी लिहितेय

पाचातले साडेतीन स्टार. जो दीड कापलाय तो सुऱ्यासाठी नाही, विकणाऱ्यानं त्याच्याबद्दल जे लिहिलंय त्यासाठी कापलाय. वस्तू घ्या, पण आधी हे वाचा.

आमचं घर बेळगावात वडगावला. घरात आधी हातमाग होते, मग पॉवरलूम आले, आणि काका फौजेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच आपल्या कॅम्पात, त्यामुळं आमच्याकडं गल्लीत चार घरं सोडलं की एक फौजी असतोच. काका यूएनच्या शांतिसेनेतून काँगोला गोमाला जाऊन आलेत. तिथल्या बाजारात त्यांनी एक सुरा बघितला होता, पिंपळपानासारखं रुंद लोखंडी पातं, मुठीला पितळेचं बारीक काम, आणि दुकानवाल्यानं दुभाष्या पोराकडून त्यांना सांगितलं की साहेब हा मारायचा सुरा नव्हे, हा शांततेचा सुरा. डोक्यावर निळी टोपी, अंगावर वर्दी, खांद्याला रायफल आणि समोरचा माणूस असं सांगतोय. खरं सामानात सुरा घेऊन विमानात बसायची भानगड नको म्हणून त्यांनी तो परत ठेवला. त्यानंतर आमच्यात दर खंडेनवमीला कोयता, कात्री, मागाचा धोटा असं सगळं पाटावर मांडलं की काका हळदकुंकू लावता लावता ती गोष्ट काढायचेच, आम्हा पोरांना ती पाठ झालेली.

तर यंदा त्यांची एकसष्टी. शाल, अंगठी, चांदीचा तांब्या हे सगळं बाकीचे देणारच होते, म्हणून मी काकांच्या गोष्टीतला तसाच सुरा शोधायला लागले, इकुल म्हणतात त्याला. परदेशी हस्तकलेच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या एकांकडं मिळाला, नाव लिहीत नाही कारण भांडण माझं वर्णनाशी आहे, माणसाशी नाही. किंमत ४,८०० आणि कुरिअर वेगळं. लोखंडीही होता त्यांच्याकडं, दुप्पट किमतीत, पण मी मुद्दाम लाकडी घेतला. याचं कारण नीट सांगते कारण तुम्हाला कोणी सांगणार नाही. आपल्याकडं शस्त्रांच्या नियमात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, घरकामाची आणि शेतीची सोडून. आणि इकुलचं पातं रुंदच असतं, तीच त्याची ओळख. तेव्हा लोखंडी मागवायचा असेल तर आधी माप विचारा, चौकशी करा, मग पैसे भरा. लाकडी घेतला म्हणजे नक्कल घेतली असंही समजू नका, लाकडी पात्याचे इकुल कुबा लोक स्वतःच करत आलेत.

आता त्या वर्णनाकडं येते. साइटवर लिहिलेलं, आफ्रिकन आदिवासी लढाईचा खंजीर, १०० वर्षं जुना, शत्रूच्या रक्ताचा साक्षीदार. एका ओळीत तीन खोट्या गोष्टी, आणि त्यातली रक्ताची मला फार लागली, कारण इकुलची खरी गोष्ट बरोबर याच्या उलटी आहे.

कुबा म्हणजे एक जमात पण नाही. काँगोच्या कासाई भागात, कासाई आणि सांकुरू नद्यांच्या मधल्या मुलखात डझनाहून जास्त गटांचं मिळून एक राज्य होतं, त्यात वरचढ बुशोंग, राजाला न्यिम म्हणतात आणि राजधानी न्शेंग. राजा तिथं आजही आहे. १६२५ च्या आसपास तिथं एक राजा गादीवर आला, शाम अम्बुल अन्गोंग त्याचं नाव. काकांना मी हे नाव वाचून दाखवलं तर म्हणाले आपलाच शाम की गा. हा शाम बाहेरून आलेला, पश्चिमेकडच्या मुलखात फिरून शिकून आलेला असं कुबा लोक सांगतात, आणि मका, तंबाखू, राफिया नावाच्या ताडाच्या पानांच्या धाग्याचं विणकाम असं बरंच काही त्यानं आणलं असं मानतात. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला तंबाखू आणणारा राजा म्हटल्यावर वेगळं काही समजावून सांगायला नको. तर या शामच्या आधी तिथं शोंगो नावाचा फेकायचा सुरा होता, अनेक पात्यांचा, तो लढाईचा. शामनं त्या शोंगोवर बंदी घातली आणि त्याच्या जागी हा इकुल आणला, असं त्यांच्या परंपरेत सांगतात. म्हणजे हत्यार बंद करून त्या जागी जी वस्तू दिली ती ही. मानाच्या माणसानं सणासमारंभाला, नाचाला कमरपट्ट्यात खोचायची. आणि तिलाच वॉर डॅगर म्हणून विकायचं?

कुबा राजांच्या लाकडी मूर्ती असतात, न्दोप म्हणतात त्यांना. राजा मांडी घालून बसलेला, उजवा हात गुडघ्यावर आणि डाव्या हातात इकुल, मूठ बाहेरच्या बाजूला. काही न्दोप १९०७ ते १९०९ च्या मोहिमेत एमिल टॉर्डे या हंगेरियन संशोधकानं तिथून नेले, आता ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यात शामचाही आहे. प्रत्येक राजापुढं त्याची त्याची खूण कोरलेली असते आणि शामपुढं काय आहे तर खड्ड्यांचा खेळायचा पट, आपल्याकडं कन्नडमध्ये अळगुळी मणे म्हणतात ना, त्याच जातीचा खेळ. मी फोटो बघितला आणि आजीचा चिंचोके घालून खेळायचा पट आठवला, तिनं तो शेवटपर्यंत कोणाला देऊ दिला नाही.

बरं आता वस्तू. एकूण लांबी ३४ सेंटीमीटर, त्यात पातं वीसेक, सगळ्यात रुंद जागी ७. पातं मुठीजवळ निमुळतं, मग पानासारखं पसरतं आणि टोकाला परत निमुळतं, मधून एक उंच शीर गेलीय आणि ती टोकापर्यंत सरळ आहे. कोरणाऱ्याचा हात किती स्थिर ते या शिरेवरून कळतंय, एका ठिकाणी पण हललेली नाही. मूठ मधे बारीक, शेवटी चपटा गोल आहे, बत्ताशासारखा, आणि त्या गोलावर पितळेच्या बारीक पट्ट्या ठोकून बसवल्यात. मूठ आणि पातं एकाच लाकडातनं काढलंय, सांधा नाही.

खरी मजा मुठीवरच्या नक्षीत आहे. दोन पट्टे एकमेकांच्या खालून वरून जातात, परत वळतात, कुठं सुरू झाले ते सापडत नाही. आईनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, हे कोरलेलं नव्हे, हे विणलेलं हाय. तिनं चाळीस वर्षं मागावर काढलीत, तिला कुबा म्हणजे कोण हे ठाऊक नाही, आणि तिनं बरोबर ओळखलं. कुबा लोकांचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे राफियाचं कापड, पुरुष विणतात आणि बायका त्यावर भरतकाम करून मखमलीसारखा उठाव आणतात, आणि तीच नक्षी मग लाकडी पेल्यावर, पेटीवर, सुऱ्याच्या मुठीवर येते. एकच हात सगळीकडं फिरल्यासारखा. एक किस्सा सांगतात, १९२० च्या दशकात मिशनऱ्यांनी तिथल्या राजाला मोटारसायकल दाखवली, त्याला गाडीचं फारसं काही वाटलं नाही, पण मातीत उमटलेली टायरची नक्षी बघून तो थक्क झाला आणि ती उतरवून घेतली. आईला हे सांगितलं तर तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. काठाचा नमुना दिसला की माणूस काठच बघणार, म्हणाली.

आता दोष. एक, हा जुना नाही. हातात घेतल्या घेतल्या बूटपॉलिशचा वास आला, पांढऱ्या सुती कापडावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पात्याच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात पुसलं तर काळंतांबडं सगळं कापडावर आणि खाली ताजं फिकट लाकूड. जुनी वस्तू हातांनी झिजते, म्हणजे जिथं बोटं बसतात तिथं गुळगुळीत आणि खाचेत मळ, इथं मळ सगळीकडं सारखा होता, जिथं बोट कधी पोचणार नाही तिथं पण. कुबा लोक लाकडाला, कापडाला, अंगाला लाल भुकटी लावतात, तुकुला म्हणतात तिला, रक्तचंदनाच्या कुळातल्या झाडाच्या लाकडाची. आपल्या खानापूरच्या जंगलातला बिबळा, कानडीत होन्ने, तो पण त्याच कुळातला. त्या लालीची नक्कल करायला पॉलिश फासलंय. नवीन आहे म्हणून सांगितलं असतं तरी मी घेतलाच असता, काम इतकं चांगलं आहे, मग खोटं कशाला? आज कुठंतरी एक कारागीर बसून हे कोरतोय, त्याचं काम शंभर वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी नावावर खपवायचं म्हणजे त्याचंच नुकसान.

दोन, पितळेच्या पट्ट्यांतली एक टोकाला उचललेली, साडीला शालीला अडकते. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीनं बारीक हातोडीनं दोन ठोके देऊन बसवली, पैसे घेतले नाहीत, उलट अर्धा तास हातात घेऊन बघत बसला आणि म्हणाला वहिनी हे पटाशीचं काम नाही, हे सुरीनं कोरलंय. पॅकिंग साधं पण पुरेसं, आठ दिवसांत आला, त्याबद्दल काही तक्रार नाही.

विकणाऱ्याला मी मेल केला, दोन्ही गोष्टी लिहिल्या, टर्पेंटाइनच्या कापडाचा फोटो पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं की वस्तू परत पाठवा, पैसे देतो. चांगलंच केलं म्हणायचं, खरं मला परत नको होती, मला ते रक्ताचं वाक्य काढून हवं होतं. परत लिहिलं. १०० वर्षं काढलं, विंटेज स्टाइल केलं. वॉर डॅगर अजून तसंच आहे. आजच परत बघितलं, तसंच आहे.

एकसष्टीच्या दिवशी औक्षण झालं, पाया पडणं झालं, जेवणात मांडे होते, आणि दुपारी पाहुणे पांगल्यावर मी ते खोकं काकांसमोर ठेवलं. उघडलं आणि काही बोललेच नाहीत. मग उचलून वजन बघितलं, म्हणाले तो याच्यापेक्षा जड होता, खरं मूठ हीच. मुठीवरनं अंगठा फिरवत बसले बराच वेळ. मी त्यांना मोबाईलवर शामच्या मूर्तीचा फोटो दाखवला, डावा हात दाखवला, तर त्यांनी सुरा उजव्या हातातनं डाव्यात घेतला आणि तसेच मांडी घालून बसले, उजवा हात गुडघ्यावर. फोटो काढलाय पण इथं टाकत नाही, घरचा आहे.

कोणी घ्यावा: ज्याला हातचं काम बघायला आवडतं त्यानं नक्की. भिंतीवर दोन तलवारी आडव्या लावून मधे हा लावायचा असेल तर नका घेऊ, तो त्या रांगेतला नव्हे. पुराणवस्तू म्हणून गुंतवणुकीला तर अजिबात नको, चांगले जुने इकुल संग्रहालयांत आहेत. अमेरिकेत हॅम्प्टन विद्यापीठाच्या म्युझियमलाही कुबा सुरे आहेत, १८९२ मध्ये अमेरिकन मिशनरी विल्यम शेपर्ड न्शेंगला पोचले होते त्यांनी जमवलेले.

काळजी एवढीच की बेळगावचा पाऊस लक्षात ठेवा, आमच्याकडं जूनपासून कपाटातली चप्पल पण हिरवी होते. खोबरेल तेल लावू नका, पितळेच्या कडेला हिरवं धरतंय आणि लाकूड चिकट होतंय. मिस्त्रीनं मेण सांगितलं, साधं मधमाशीचं, कापडानं पातळ लावायचं आणि घासायचं, वास पण गेला पॉलिशचा. पितळेला चिंच, लिंबू काही नको.

खंडेनवमीला मी विचारलं, काका हा मांडायचा का पाटावर, हा तर शस्त्र नव्हे. काकांनी थोडा विचार केला आणि मागाचा धोटा होता त्याच्या शेजारी ठेवला, कोयत्यापासून लांब, आणि आईला म्हणाले वहिनी, याला पण फूल वहा.