पाच डॉलरचं तिकीट आणि माझं सतरा हजारांचं व्हाउचर

३२ वर्षं मी हिशेब खात्यात दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली. टॅक्सीच्या बिलावर तारखेची खाडाखोड दिसली की बिल परत पाठवणारी बाई, अशी ऑफिसात माझी ख्याती होती. त्यामुळे ऑनलाइन तिकीट काढताना मीच कशी फसले, हे लिहायला बसायला मला बराच वेळ लागला. ठाण्यात आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत अजून दोन-तीन घरांपलीकडे कोणाला ठाऊक नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलाकडे सिएटलला जाणार होतो आणि तिथून चौघं मिळून हवाईला. यांना समुद्रकिनारा हवा होता, मुलाला आणि सुनेला झोप हवी होती, आणि मला डायमंड हेड हे ज्वालामुखीचं विवर चढायचं होतं. लोणार मी दोनदा पाहिलंय, पण ते उल्कापाताचं विवर. आपण अख्खं आयुष्य सह्याद्रीच्या लाव्ह्याच्या दगडावर काढतो, पण ज्वालामुखीचं तोंड कसं असतं ते कुठे बघायला मिळतं? होनोलुलू शहराला अगदी खेटून हे विवर आहे. तिथल्या मूळ भाषेत त्याला लेआही म्हणतात. सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी एकाच उद्रेकात ते तयार झालं. विवराच्या तळापासून कड्यावर जाणारी वाट १९०८ मध्ये लष्करी पहाऱ्यासाठी काढलेली. एका बाजूने जेमतेम सव्वा किलोमीटर, चढ ५६० फुटांचा. मध्ये एक बोगदा आणि दमवणारे जिने आहेत. उपवनपासून येऊरच्या दिशेने रोज सकाळी चालायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये मी महिनाभर याच गप्पा मारत होते.

त्याच गप्पांत कोणीतरी म्हणालं, ‘अगं, तिथे आधी बुकिंग लागतं, गेटवर परत पाठवतात.’ हे खरंच आहे. १२ मे २०२२ पासून हवाईबाहेरून येणाऱ्यांना तिथे आगाऊ आरक्षण करावं लागतं. फक्त मला एवढंच कळलं आणि पुढचं कळलं नाही. या अर्धवट माहितीनेच माझा घात केला.

१८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी जेवणं झाल्यावर मोबाइलवर ‘डायमंड हेड तिकीट’ शोधलं. सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. विवराचा विमानातून काढलेला देखणा फोटो, कोपऱ्यात सरकारी शिक्क्यासारखं गोल चिन्ह, पत्त्यात डायमंड हेडचं नाव, शेवटी डॉट कॉम. वर बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं लिहिलेलं होतं म्हणे. मला ते दिसलं नाही, कारण मी बघितलंच नाही. मी तारीख टाकली २७ एप्रिल, सकाळी ७ ची वेळ. लगेच खाली लाल अक्षरं आली, या वेळेच्या फक्त सहा जागा उरल्या आहेत. शेजारी घड्याळ उलटं चालू लागलं: ७ मिनिटं.

त्या घड्याळाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खरी करामत त्याचीच. घाईत माणूस चुका करतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण घड्याळ पाहून माझ्या मनात आलं ते वेगळंच: आता यांना विचारायला उठले तर हे चष्मा शोधतील, मग मुलाला फोन लावा म्हणतील, तिकडे रात्रीचा दीड वाजलेला, आणि तेवढ्यात जागा जाईल. म्हणजे त्या घड्याळाने माझ्याकडून वेळ काढून घेतला नाही, माझी विचारायची माणसं काढून घेतली. एरवी शंभर रुपयांची भाजी घेताना तीन गाड्यांवर भाव विचारणारी मी!

माणशी ४९ डॉलर, चौघांचे १९६. अमेरिकेत सगळंच महाग, असं म्हणून मोकळी झाले. कार्डवर परदेशी व्यवहार बंद होते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू केले, मर्यादा होती तशी पूर्ण ठेवली. ओटीपी आलाच नाही, पैसे थेट गेले. मला वाटलं, किती सुटसुटीत कारभार! परदेशातल्या बऱ्याच साइट्सवर ओटीपीशिवाय कार्ड चालतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तेही कौतुक म्हणून. बँकेचं मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावरचं शुल्क, आणि त्यावरचा जीएसटी धरून जवळजवळ १७ हजार रुपये झाले. मेलवर पीडीएफ आली, क्यूआर कोडसकट. तिची मी रंगीत प्रिंट काढून फाइलला लावली. सवय.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला व्हॉट्सॲपवर कॉल. ‘होनोलुलू ऑफिसमधून बोलतोय, मॅडम.’ इंग्रजी स्वच्छ, बोलणं अदबीचं. परदेशी पर्यटकांची पडताळणी राहिली आहे, पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवा, नाहीतर आरक्षण रद्द होईल आणि पैसे परत मिळणार नाहीत. मी माझा आणि यांचा, दोन्ही पाठवले. होनोलुलू आपल्या साडेपंधरा तास मागे आहे. म्हणजे तिकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. कुठलं सरकारी ऑफिस मध्यरात्री फोन करतं? हा हिशेब मी केला, पण चार दिवसांनी.

गुरुवारी पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी एसएमएस आला. सहाला चालायला निघताना तो वाचला. ३८९ डॉलर, कुठल्याशा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, पुन्हा ओटीपीशिवाय. साडेतेहतीस हजार रुपये. पायात बूट तसेच, मी सोफ्यावर बसून राहिले. यांनी चहा आणून दिला आणि एक शब्द विचारला नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग मात्र मी कामाला लागले. कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेल्या नंबरवरच फोन केला, गूगलवर शोधलेल्या नंबरवर नाही. एवढं शहाणपण उरलं होतं. कार्ड बंद करून घेतलं, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहिला. नंतर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. त्यांनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम सगळं शांतपणे लिहून घेतलं. पैसे देशातल्या खात्यात गेले असते तर ते गोठवण्याचा प्रयत्न लगेच करता आला असता, परदेशी दुकानदाराच्या बाबतीत कार्डाच्या बँकेकडेच दाद मागावी लागेल, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिची प्रत घेऊन आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या तरुण हवालदाराने विचारलं, ‘मॅडम, त्या विवराचं तिकीट खरं किती असतं?’

मला सांगता आलं नाही.

तिथेच बाकावर बसून मुलाला फोन लावला. त्याने दोन मिनिटांत हवाई राज्याच्या उद्यानांची साइट काढली, जिच्या पत्त्याच्या शेवटी सरकारी डॉट जीओव्ही आहे. माणशी ५ डॉलर. गाडी लावायची असेल तर गाडीमागे आणखी १०. चौघांचे मिळून ३० डॉलर, म्हणजे अडीच हजार रुपये. पासपोर्टची गरज कुठेच नाही. आणि मग तो म्हणाला, ‘आई, पण हे बुकिंग फक्त तीस दिवस आधी उघडतं. तू फेब्रुवारीत एप्रिलचं कसं काय केलंस?’

म्हणजे जी जागा अजून विक्रीलाच आली नव्हती, तिच्या शेवटच्या सहा जागांसाठी मी घाईघाईने पैसे भरले होते.

बँकेत दोन व्यवहारांचे दोन वेगळे न्याय झाले, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. दुसरा व्यवहार मी केलेलाच नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अशा अनधिकृत व्यवहारांबाबत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिलेलं होतं. चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नव्हती. मी काही तासांत कळवलं होतं. कार्डाची माहिती मीच चुकीच्या ठिकाणी टाकली, यावर थोडी खडाजंगी झाली, पण ओटीपी किंवा पिन मी कोणालाच दिलेला नव्हता. साडेतेहतीस हजार सुटले.

पहिले १७ हजार मात्र मी स्वतःच्या हाताने भरलेले. ‘सेवा मिळाली नाही’ असा दावा टाकला, तर त्या लोकांनी उत्तर पाठवलं. माझीच पीडीएफ आणि साइटच्या तळाशी फिकट राखाडी अक्षरांत असलेला एक परिच्छेद. आम्ही खासगी साहाय्यक आहोत, कोणत्याही सरकारी खात्याशी आमचा संबंध नाही, शुल्क परत मिळणार नाही. तीस दिवसांच्या नियमाचा स्क्रीनशॉट मी जोडला, दोन वेळा पत्रं लिहिली. दावा बंद. काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, ‘काकू, हे लोक पूर्ण चोर असते ना, तर सोपं गेलं असतं.’ तिचं बरोबर होतं. अर्धा कागद खरा ठेवून फसवणारा माणूस पकडणं ऑडिटमध्येही सगळ्यात कठीण असतं.

पासपोर्टचं काय, हा प्रश्न अजून जागच्या जागी आहे. पैसे गेले ते गेले, पण ते दोन फोटो कुठे फिरताहेत कोणाला माहीत. आमच्या नावावर कोणी कर्ज उचललं तर निदान कळावं म्हणून मी क्रेडिट रिपोर्ट काढत असते. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चार कंपन्या आहेत, म्हणून मी तीन-तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवते. आणि कार्डावरचे परदेशी व्यवहार आता काम झालं की त्याच मिनिटाला बंद. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ही चालू-बंदची सोय द्यायला लावली, ती मी उघडायला वापरली आणि मिटायला विसरले होते.

डायमंड हेड मात्र चढलो. २८ मार्चला खरं बुकिंग केलं, मुलगा व्हिडिओ कॉलवर आणि हे शेजारी चष्मा लावून. २७ एप्रिलला सकाळी सातला गेटवर कोड दाखवला, हिरवा दिवा लागला, आत. बोगद्यातून बाहेर आल्यावर जिन्यांनी दम काढला. माथ्यावरच्या जुन्या लष्करी चौकीतून एकीकडे समुद्र, दुसरीकडे विवराची गवताळ परात. मी बघतच राहिले. हे तिथला माहितीफलक वाचत होते. कधीकाळी परदेशी खलाश्यांना या उतारावर चमकणारे कॅल्साइटचे खडे दिसले, ते त्यांना हिरे वाटले, म्हणून हे नाव पडलं. हे वळून मला म्हणाले, ‘चल, तू एकटी नाहीस.’ फेब्रुवारीपासून या विषयावर ते पहिल्यांदाच काही बोलले होते.

मागच्या महिन्यात येऊरच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने लिंक पाठवली. तिची मुलगी हवाईला निघाली आहे, ‘हीच का गं ती साइट, तू गेली होतीस ती?’ साइटचं नाव वेगळं, फोटो वेगळा. मी फोन करून आधी तिला थांबवलं. मग स्वतः ते पान उघडून बघत बसले. ७ मिनिटं, ६, ५... शून्य झालं. काहीच घडलं नाही. पान पुन्हा उघडलं, घड्याळ परत ७ वर.